पहिलं बाळंतपण नागपुरात: नॉर्मल की सिझर, आणि कुठल्या टप्प्यावर काय विचारायचं

सातवा महिना लागला की पहिलटकरणीला सगळे एकच प्रश्न विचारतात: "नॉर्मल होईल ना?" शेजारीण विचारते, मामेसासू फोनवर विचारते, तपासणीच्या रांगेत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते. उत्तर कुणाजवळच नसतं, कारण बहुतेकींच्या बाबतीत ते कळा सुरू झाल्यावरच ठरतं. माझं बाळंतपण नॉर्मलच्या वाटेवर होतं आणि शेवटी सिझर झालं. माझ्या जावेचं त्याच वर्षी नॉर्मल झालं. एकमेकींचं बाळंतपण जवळून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं. निर्णय कोणताही होवो, तो का झाला आणि तेव्हाच का झाला, हे बाळंतिणीला कळायला हवं. ज्या बाईला हे कळलेलं असतं ती टाक्यांचं दुखणं सोसते, पण मनात काही घेऊन बसत नाही.

मी डॉक्टर नाही. तुमच्या प्रकृतीचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, कोणते कागद सोबत ठेवायचे आणि कुठे सावध राहायचं, एवढंच इथे सांगते.

१. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत करा

तपासणी खासगीत चालू असली तरी वस्तीतल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे नाव नोंदवा. तिथे माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. मातृ वंदना योजनेचे पैसे आणि बाळाच्या लसी या कार्डावरच पुढे जातात. "आपण तर खासगीत दाखवतो" म्हणून पुष्कळ जणी हे टाळतात आणि नववा महिना लागल्यावर धावपळ करतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. गर्दी होते, तेव्हा सकाळीच जा.

रक्ताच्या तपासण्यांत तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा.

पहिली हिमोग्लोबिन. ते ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. बाळंतपण कोणतंही असो, रक्त जातंच, आणि सिझरमध्ये जास्त जातं. लोहाच्या गोळ्या चहासोबत किंवा दुधासोबत घेऊ नका. लिंबूपाणी किंवा संत्र्यासोबत घेतल्या तर अंगी लागतात. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या.

दुसरी सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. विदर्भात याचं प्रमाण बरंच आहे, म्हणून ही तपासणी इथे सोडायची नाही. तुम्ही वाहक निघालात तर नवऱ्याची तपासणी लगेच करून घ्या, पुढे ढकलू नका.

तिसरी रक्तगट. तुमचा निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यावं लागतं. निगेटिव्ह गटाचं रक्त ऐनवेळी सहज मिळत नाही, म्हणून रक्तपेढी आणि रक्तदाते आधीच बघून ठेवा.

२. दवाखाना ठरवताना हे विचारा

नागपुरात सरकारीत मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), गांधीबागेतलं डागा स्मृती महिला रुग्णालय आणि मिहानमधलं एम्स आहे. खासगी दवाखाने तर धंतोली आणि रामदासपेठेत गल्लोगल्ली आहेत. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली नॉर्मल आणि सिझर दोन्ही मोफत होतं. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडीसुद्धा त्यातच येते. तिथे गर्दी असते आणि खाट कधी मनासारखी मिळत नाही. पण रात्री २ वाजता भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ इमारतीतच असतात, ही मेडिकल कॉलेजची मोठी बाजू आहे.

खासगीत नाव घालण्याआधी हे स्पष्ट विचारा:

- रात्री भूलतज्ज्ञ दवाखान्यात असतात की फोन केल्यावर येतात? यायला किती वेळ लागतो?
- नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग इथेच आहे का? नसेल तर बाळाला कुठे हलवता?
- रक्त कुठून आणता?
- कळांच्या वेळी सोबत एक बाई थांबू शकते का?
- एपिड्युरल, म्हणजे कळा सुसह्य करणारं कमरेतलं इंजेक्शन, रात्रीही मिळतं का?
- पहिलटकरणींपैकी साधारण किती जणींचं सिझर होतं?
- नॉर्मल आणि सिझर, दोन्हींचा खर्च कागदावर द्याल का?

सिझरचं प्रमाण विचारताना संकोच वाटतो, पण तो प्रश्न विचाराच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या फेरीत, देशात सरकारी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण १४.३ टक्के होतं आणि खासगीत ४७.४ टक्के. खासगीतलं प्रत्येक सिझर विनाकारण असतं असा याचा अर्थ नाही. पण तफावत एवढी मोठी आहे की कारण विचारायचा हक्क आपल्याला आपसूकच मिळतो. चांगले डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाहीत. जे चिडतात त्यांच्याबद्दल तुम्हाला तिथेच काहीतरी कळून जातं.

विम्याच्या भरवशावर असाल तर पॉलिसी आजच काढून वाचा. बाळंतपणासाठी प्रतीक्षा काळ असतो, तो ९ महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत असू शकतो. नॉर्मल आणि सिझरची मर्यादाही बहुधा वेगवेगळी असते.

३. दोन्हींत नेमकं काय होतं

नॉर्मलमध्ये पहिला टप्पा लांबलचक असतो. गर्भपिशवीचं तोंड हळूहळू मऊ होतं आणि उघडतं. पहिलटकरणीला सुरुवातीच्या, सौम्य कळांत दिवस-दिवस जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार कळांचा खरा जोर हे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून धरायचा. तिथून पुढे पहिल्या बाळंतपणात १२ तासांपर्यंतचा वेळ नेहमीच्या मर्यादेतला आहे, आणि बाळ बाहेर ढकलायला ३ तासांपर्यंत लागू शकतात. "तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे" हा जुना हिशेब सगळ्यांना लावायचा नाही, असंही त्यात म्हटलं आहे. बाळ आल्यावर वार (प्लासेंटा) पडते, गरज असेल तर टाके घालतात, आणि सगळं ठीक असेल तर काही तासांत बाळंतीण उठून बसते.

नॉर्मल म्हणजे काहीच त्रास नाही, असं मात्र नाही. खालची जागा फाटू शकते किंवा छेद द्यावा लागतो. बसताना काही दिवस दुखतं. खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब सुटणं पुष्कळ जणींना होतं आणि लाजेपायी कुणी बोलत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम गरोदरपणातच शिकून घ्या. छेद सरसकट प्रत्येकीला देऊ नये, गरज असेल तरच द्यावा, हीही आता मान्य झालेली गोष्ट आहे. तुमच्या दवाखान्यात काय पद्धत आहे ते आधीच विचारा.

सिझरमध्ये बहुतेक वेळा कमरेतून भूल देतात. तुम्ही जाग्या असता. मला टेबलावर बसवून भूलतज्ज्ञ मॅडमनी हनुवटी छातीला लावायला आणि पाठ बाहेर काढायला सांगितलं. कळ आली तेव्हा त्या थांबल्या, ओसरल्यावर सुई दिली. पाय आधी गरम वाटले, मग जड झाले, मग जणू नव्हतेच. पोटात ओढल्यासारखं, हलवल्यासारखं जाणवतं, पण दुखत नाही. बाळ काही मिनिटांत बाहेर येतं. उरलेला पाऊण तास थर शिवण्यात जातो. लघवीची नळी बहुधा दुसऱ्या दिवशी काढतात, आणि त्यानंतरचं पहिलं उठणं सगळ्यांत कठीण असतं.

ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. जंतुसंसर्ग, जास्त रक्तस्राव, पायांत रक्ताच्या गाठी असे धोके असतात. पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणात रुजण्याची शक्यता वाढते आणि ती प्रत्येक सिझरगणिक आणखी वाढत जाते. दोन-तीन मुलं हवी असतील तर हे आधीच लक्षात घ्या. पण गरज असते तेव्हा हीच शस्त्रक्रिया बाळ-बाळंतिणीचा जीव वाचवते.

४. "सिझर लागेल" असं म्हटल्यावर: कुठे लगेच हो म्हणायचं, कुठे थांबून विचारायचं

काही कारणांपुढे चर्चेला जागाच नसते. वारेने गर्भपिशवीचं तोंड झाकलेलं असणं, बाळ आडवं असणं, नाळ बाळाच्या आधी बाहेर घसरणं, बाळाचे ठोके घसरून वर न येणं, वार आधीच सुटून रक्त जाणं. अशा वेळी सही करा आणि डॉक्टरांना काम करू द्या. घरच्यांची बैठक भरवू नका. नाळ घसरली असेल तर एक-एक मिनिट मोलाचं असतं.

काही कारणं मात्र अर्धी ऐकून आपण घाबरतो.

*नाळ गळ्याभोवती आहे.* सोनोग्राफीत हे लिहून आलं की घरात रडारड सुरू होते. साधारण चारातल्या एका बाळाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि त्यातली बहुतेक नॉर्मल जन्मतात. बाळाला श्वास नाळेतल्या रक्तातून मिळतो, गळ्यातून नाही. नुसत्या या एका ओळीसाठी सिझर सुचवलं तर विचारा: ठोक्यांत काही फरक आहे का?

*वार खाली आहे.* पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हे खूप जणींना दिसतं. गर्भपिशवी वाढते तशी वार बहुतेकींची वर सरकते. ३२ ते ३६ आठवड्यांत पुन्हा बघून मगच ठरतं.

*बाळ मोठं आहे.* सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो. तो दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे जाऊ शकतो. तुम्हाला मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांचं ऐका.

*पाणी कमी आहे.* बाळाभोवतीचं पाणी किती कमी, हे आकड्यात विचारा. सोबत रक्तप्रवाहाची डॉपलर तपासणी आणि बाळाचे ठोके कसे आहेत, तेही विचारा. कधी लगेच बाळंतपण करावं लागतं, कधी कळा आणायचं औषध देऊन नॉर्मलचा प्रयत्न करता येतो.

*बाळ पायाळू आहे.* शेवटच्या आठवड्यांत तीन-चार टक्के बाळं अशी असतात. ३६ व्या आठवड्यानंतर अनुभवी डॉक्टर पोटावरून हातांनी बाळ फिरवायचा प्रयत्न करू शकतात. तुमच्याकडे हे होतं का, विचारा. पहिलटकरणीचं बाळ फिरलं नाही तर बहुतेक ठिकाणी सिझरच करतात.

*उंची कमी आहे.* नुसत्या उंचीवरून आधीच निकाल लावता येत नाही. डोकं खाली उतरतं की नाही हे कळांतच दिसतं.

आता मुहूर्ताबद्दल, कारण हे आपल्याकडे फार वाढलं आहे. गुरुजींकडून तारीख-वेळ काढून आणणारी कुटुंबं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. सिझर आधीच ठरलेलं असेल आणि ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरचा दिवस निवडत असाल तर त्यात फारसं बिघडत नाही. पण चांगलं नक्षत्र ३७ व्या आठवड्यात येतं म्हणून बाळाला घाईने बाहेर काढू नका. फुप्फुसं तयार व्हायला तेच शेवटचे आठवडे लागतात. श्वास लागलेल्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागतं आणि आई दुसऱ्या मजल्यावर झुरत पडते.

५. पिशवी आणि फाइल ३६ व्या आठवड्यात तयार ठेवा

फाइलमध्ये:

- माता-बाल संरक्षण कार्ड
- सगळ्या सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावलेले
- रक्तगटाचा कागद
- दोघांची आधार कार्डं आणि झेरॉक्स
- तुमच्या बँक पासबुकची झेरॉक्स, खातं आधारशी जोडलेलं हवं
- रेशन कार्ड, विमा असेल तर त्याचं कार्ड
- चालू औषधांची यादी, ॲलर्जी असेल तर ती ठळक लिहून

सगळ्यांत जास्त घोळ नावाचा होतो. आधारवर माहेरचं नाव, दवाखान्यात सासरचं, बँकेत तिसरंच. दाखल होताना आधारवरचं नाव स्पेलिंगसकट तसंच लिहायला लावा, कारण जन्मदाखल्यावर आईचं नाव तिथूनच उतरतं.

पिशवीत समोरून उघडणारे सैल गाऊन, मोठे पॅड, सुती चड्ड्या, बाळासाठी धुतलेली मऊ झबली, दुपटी आणि टोपी, पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर. सिझर झालं तर कमरेची इलॅस्टिक टाक्यांवर घासते, म्हणून चड्ड्या एक माप मोठ्या घ्या.

६. निघायचं कधी

कळा पाच-पाच मिनिटांनी, जवळजवळ मिनिटभर टिकणाऱ्या, आणि तासभर तशाच येत राहिल्या की निघा. पहिलटकरणीने फार लवकर जाऊन दाखल झालं तर "पुढे सरकत नाही" हा शिक्का लवकर बसायची शक्यता असते. घर जवळ असेल, बाळ हलत असेल आणि सगळं ठीक असेल तर सुरुवातीचा वेळ घरी चालत-फिरत, पाणी पीत काढता येतो. काटोल, उमरेड, रामटेककडून येणार असाल तर एवढं थांबू नका.

पण पुढचं काही झालं तर कळांची वाट न बघता ताबडतोब निघा: पाणी जाणं, विशेषतः हिरवट किंवा रक्तमिश्रित, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी, तोंडावर सूज, झटके. गाडीसाठी १०२ लावा, जिवाशी गाठ असेल तर १०८. घरच्या दोघांच्या मोबाइलमध्ये हे नंबर आधीच साठवून ठेवा.

७. कळांच्या मधेच निर्णय बदलला तर

माझ्या वेळी मशीनच्या कागदावर ठोक्यांची रेघ कळेसोबत खाली जायची आणि वर यायला वेळ घ्यायची. डॉक्टरांनी मला कुशीवर वळवलं, सलाइन वाढवलं, थोडा वेळ पाहिलं. रेघ सुधारली नाही. मग त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरून बोटाने दाखवला आणि म्हणाल्या, "आता बाळाला त्रास होतोय, थांबण्यात अर्थ नाही." तेवढं एक वाक्य मला पुरलं.

तुम्हाला असं कुणी आपणहून सांगितलं नाही तर सोबतच्या व्यक्तीने चार प्रश्न विचारावेत. कारण काय? बाळाचे ठोके आत्ता कसे आहेत? किती घाई आहे, मिनिटांची की तासांची? थांबलो तर काय होऊ शकतं, दुसरा काही मार्ग आहे का? कळांत बाईला हे सुचत नाही, म्हणून सोबतीला घाबरट माणूस ठेवू नका. आई फार रडते तर मोठी बहीण किंवा जाऊ बरी. सरकारी लेबर रूममध्येही बाळंतपण झालेली एक बाई सोबत ठेवायला केंद्र सरकारचं मार्गदर्शन परवानगी देतं, हे माहीत असू द्या.

संमतिपत्र वाचूनच सही करा. घाई असेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. सही तुमची हवी. तुम्ही शुद्धीवर असताना फक्त नवऱ्याची घेऊन भागत नाही.

सिझर झालं तरी बाळाला पहिल्या तासातच छातीशी लावायला मागा. भूल कमरेतली असते, हात मोकळे असतात.

८. सव्वा महिना

भेटायला येणाऱ्या बाया विचारतात, "काहून वं, नॉर्मल नाही झालं?" उत्तर द्यायची गरज नाही. दाराशी सासूबाईंना किंवा आईला बसवा. हे काम त्या उत्तम करतात.

सिझरनंतर २४ तासांच्या आत आधार घेऊन चाला, गाठींचा धोका त्याने कमी होतो. खोकताना टाक्यांवर उशी दाबा. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटून उठा. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका, पाण्याची बादलीसुद्धा नाही. बाळाला काखेत धरून पाजलं तर टाक्यांवर भार येत नाही. नॉर्मलमध्ये खालचे टाके स्वच्छ आणि कोरडे ठेवा, कोमट पाण्याने धुवा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

डिंकाचे, मेथीचे लाडू आणि अळिवाची खीर जरूर खा, पण "बाळंतिणीला पाणी कमी" हे ऐकू नका. दूध पाजताना अंगाला पाणी जास्तच लागतं. आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, बाळंतपण झालं असेल तर खिडक्या बंद करून शेगडीचा शेक अजिबात घेऊ नका. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बंद खोलीत बाळ तापतं, कोळशाचा धूर जिवाशी येतो. कूलरचा झोत बाळावर थेट नको, पण खोली गार हवी.

ताप, घाणेरडा वास असलेला स्राव, तासाला पॅड भिजणं, टाक्यांतून पू, एकाच पायाची पोटरी दुखून सुजणं, धाप लागणं: यातलं काहीही दिसलं तर सव्वा महिना संपायची वाट बघू नका. सतत रडू येणं, बाळाजवळ जावंसं न वाटणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं तर तेही डॉक्टरांना सांगा. हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात.

९. घरी आल्यावरचे कागद

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखाना ती महापालिकेकडे पाठवतो, पण पाठवली का, हे स्वतः विचारा. नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा एकेक अक्षर तपासा.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. पहिला हप्ता नोंदणी आणि तपासणीनंतर, दुसरा बाळाची जन्मनोंद आणि लसींचा पहिला फेरा झाल्यावर. पात्रता अंगणवाडीत विचारा.

सिझर झालं असेल तर दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी डिस्चार्ज कार्डावर दोन गोष्टी लिहून घ्या: सिझर नेमकं कशासाठी केलं, आणि गर्भपिशवीवरचा छेद आडवा होता की उभा. कातडीवरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही. छेद आडवा असेल आणि पहिलं कारण पुन्हा येणारं नसेल, तर पुढच्या खेपेला सगळी सोय असलेल्या दवाखान्यात नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. असा प्रयत्न करणाऱ्यांपैकी साधारण ६० ते ८० टक्के जणींचं नॉर्मल होतं. हे ठरवणारे डॉक्टर तेव्हा कदाचित वेगळे असतील, आणि त्यांच्या हातात हे कार्डच असेल. त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स माहेरी द्या.